नवं यंत्र घरी आलं? आधी पुस्तिका, मग पाना!

नवा मिक्सर घरात आला, की आपण काय करतो? खोकं टेबलावर ठेवून सावकाश उघडतो. भांडी किती, झाकणं किती, पाती किती, हे मोजून घेतो. पुस्तिका चाळतो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे ना, ते पाहतो. आणि मगच पहिली चटणी वाटतो. कुकरच्या बाबतीतही तसंच. शिट्टी नीट बसली नाही तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

पण दारात शेतीचं यंत्र आलं, की आपण चहाचं आधण ठेवायला आत जातो. “ते पुरुषांचं काम,” असं म्हणतो. बाहेर दीर, भाचा, शेजारचे दोघे आणि टेम्पोवाला मिळून पहारीने खोकं फोडतात. पुस्तिका थर्माकोलबरोबर कचऱ्यात जाते. आणि तासाभरात कुणाचा तरी अंगठा चिरलेला असतो, नाहीतर नवंकोरं इंजिन जाम झालेलं असतं.

हल्ली तालुक्याच्या गावात राहणाऱ्या किती तरी घरांची शेती दहा-वीस किलोमीटरवर असते. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही, निंदणीला माणसं मिळत नाहीत. म्हणून पॉवर वीडर घेतला जातो. कोळपणी करणारं, माती भुसभुशीत करणारं हे छोटं यंत्र खोक्यात बंद होऊन येतं ते थेट तुमच्या शहरातल्या दारात. कारण पत्ता तिथला असतो. म्हणजे यंत्राचा पहिला दिवस शेतात नाही, तुमच्या अंगणात जातो, मुलाबाळांच्या आणि तुळशीवृंदावनाच्या शेजारी. मग त्या दिवसाचा कारभार तुम्ही का पाहू नये? पाना तुम्ही हातात घ्या किंवा घेऊ नका. पण काय आधी आणि काय नंतर, हे ठरवणारं एक माणूस हवं. ते तुम्ही व्हा.

आणि यंत्राशी आपला काय संबंध, असं मात्र म्हणू नका हं! बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. ती जायला वेळ लागला. पुढे त्यांनीच १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. नांगर आणि बायकांचं मासिक एका अंगणात नांदले, तर आपल्याला वीडरचं एवढं परकेपण कशाला?

टेम्पो दारात आल्यावर

पावतीवर सही करण्याआधी खोक्याला एक प्रदक्षिणा घाला. कोपरा चेपलाय का, पट्टी तुटलीय का, खाली तेलाचा डाग आहे का? असेल तर फोनवर फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहूनच सही करा. नंतर दुकानदाराशी बोलताना हाच कागद कामाला येतो.

खोक्यावर बाण काढलेला असतो. ती बाजू वरच राहिली पाहिजे. सात अश्वशक्तीच्या वीडरचं वजन साधारण सिमेंटच्या दीड-दोन पोत्यांएवढं भरतं. ते टेम्पोतून ढकलून खाली पाडायचं नाही. फळी लावून सरकवायचं, नाहीतर चौघांनी धरायचं. एकाने “एक, दोन, तीन” म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम उचलायचं. कमरेत वाकून नाही, गुडघे वाकवून. ज्यांची कंबर धरलेली आहे किंवा ज्यांना दिवस गेलेत, त्यांनी नुसतं मोजायला उभं राहावं. तेवढं पुरे.

जागा सपाट हवी, उजेड हवा. जिन्याखाली, बोळात किंवा दिवाणखान्यात हे काम मांडू नका.

खोकं फोडायचं नाही, उघडायचं

पहिला धोका यंत्रात नसतो, खोक्यावरच्या लोखंडी पट्टीत असतो. ती ताणून बसवलेली असते. कापली, की साप उसळावा तशी उसळते आणि थेट गालावर किंवा डोळ्यावर येते. म्हणून कापणाऱ्याने समोर नाही, बाजूला उभं राहायचं. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. पत्रा कापायची कात्री हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती वापरायची. विळीने, कोयत्याने किंवा पहारीच्या हिसक्याने पट्टी तोडायची नाही.

फळ्या कटावणीने एकेक काढा. निघालेली फळी लगेच भिंतीशी उभी करा, खिळ्यांची टोकं भिंतीकडे. खिळे उपटून जुन्या डब्यात टाका. अनवाणी पायात गंजका खिळा घुसला, तर जखम साबणपाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. हळद दाबून गप्प बसू नका.

प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. डोक्यात घातली तर जीव गुदमरतो. ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्याही उचलून ठेवा. थर्माकोल जाळू नका, त्याचा धूर वाईट. आणि खोकं लगेच रद्दीवाल्याला देऊ नका. एखादी बारीक पिन तळाशी राहिलेली असते.

मोजून घ्या, मांडून घ्या

लग्नघरी भाड्याची भांडी आली, की आपण यादी घेऊन बसतो ना? अगदी तसंच. जुनी चादर अंथरा. पुस्तिकेत सुट्या भागांचं चित्र असतं. त्याप्रमाणे एकेक भाग मांडा: हँडल, चाकं, डावी पाती, उजवी पाती, पात्यांवरची झाकणं, मागचा खोलीचा दांडा, केबली. नट, बोल्ट, वॉशर यांना जुन्या वाट्या द्या. ज्या भागाचे ते त्या भागाशेजारी. काही कमी आहे असं दिसलं, तर काम तिथेच थांबवा आणि दुकानात फोन करा. “होईल, तार बांधू,” हे वाक्य त्या दिवशी अंगणात कुणी उच्चारता कामा नये!

पुस्तिका इंग्रजीत असेल, तर शाळेतल्या मुलीला मोठ्याने वाचायला बसवा. कळलं नाही ते दुकानदाराला विचारा. जोडणीसाठी माणूस पाठवायचं त्याने कबूल केलं असेल, तर तो येईपर्यंत खोकं बंदच राहू द्या. तो आला, की शेजारी उभं राहून प्रत्येक गोष्ट विचारून घ्या. यंत्र त्याच्याकडे नाही, तुमच्याकडे राहणार आहे.

काही भागांवर गंज येऊ नये म्हणून ग्रीसचा थर दिलेला असतो. तो जाड फडक्याने पुसा. पुसायला पेट्रोल घेऊ नका. आणि पात्यांच्या धारेवरून बोट फिरवून “किती धार आहे” हे पाहू नका.

जोडणीचा क्रम

यंत्रायंत्रात फरक असतो, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या पुस्तिकेचा. पण चार गोष्टी कुठेही लागू आहेत.

पहिली: टाकीत इंधन घालायचं ते अगदी शेवटी. आणि पेट्रोलचं इंजिन असेल, तर प्लगची काळी टोपी काढून बाजूला करायची. म्हणजे पाती बसवताना कुणी चुकून दोरी ओढली तरी इंजिन सुरू होणार नाही. डिझेलचं असेल, तर बंद करण्याचा खटका बंदवर आहे याची खात्री करायची. हा नियम पहिल्या दिवसापुरता नाही. पात्यांत अडकलेलं गवत काढतानासुद्धा आधी इंजिन बंद, मग टोपी, मग हात. मिक्सरच्या भांड्यात बोट घालण्याआधी आपण बटण बंद करून पिन काढतो, तेच हे.

दुसरी: पात्यांना डावं-उजवं असतं. यंत्र पुढे जाताना जी कड मातीत आधी शिरते ती धारेची असली पाहिजे. उलटी बसली, तर पातं माती कापण्याऐवजी तिच्यावर आपटतं, यंत्र उसळ्या मारतं आणि धरणाऱ्याच्या हातून सुटतं. प्रत्येक पात्याची लॉक पिन आरपार गेली आहे ना, हे दुसऱ्या माणसाने पाहावं. जोडणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःची चूक दिसत नाही. आपलं मीठ आपल्याला कळत नाही, तसंच!

तिसरी: सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे आणि मग पान्याने समोरासमोरचे आवळत जायचे. एकच कोपरा आधी पक्का आवळला, तर बाकीचे सरळ बसत नाहीत. सगळं आवळून झालं, की नेलपॉलिशची बाटली आणा. हसू नका! प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढा. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. नव्या यंत्राचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या कामात बसतात आणि सैल पडतात. तेव्हा पुन्हा आवळावेच लागतात. रेघेमुळे कुठला सैल झाला ते लांबून कळतं.

चौथी: पात्यांवरची झाकणं. “यात माती अडकते” म्हणून ती काढून कोपऱ्यात टाकणारे बरेच भेटतील. खडा उडून डोळ्यात जाऊ नये, पाय आत जाऊ नये, म्हणून ती आहेत. झाकण लावल्याशिवाय यंत्र अंगणातून हलता कामा नये.

पूजा आधी, पेट्रोल नंतर

नव्या यंत्राची पूजा होणारच. हळदकुंकू, हार, निरांजन, उदबत्ती, सगळं करा. पण टाकी रिकामी असताना करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दोन हातांवरच्या निरांजनापर्यंत पोचते. नारळ फोडायचा तो दगडावर, यंत्रावर नाही.

आणि एक अगदी महत्त्वाचं. पूजा झाली, की कुणीतरी म्हणतंच, “अरे, जरा सुरू करून दाखव की!” इथे तुम्ही आडव्या उभ्या राहा. बरीचशी नवी यंत्रं इंजिनात तेल न घालताच कारखान्यातून निघतात, कारण वाटेत ते सांडतं. तेलाशिवाय इंजिन फिरलं, तर काही मिनिटांत आतलं लोखंड लोखंडावर घासून जाम होतं. हजारो रुपये एका हौसेपायी जातात, आणि ही चूक वॉरंटीत बसतही नाही.

म्हणून यंत्र सपाट जागी उभं करून पुस्तिकेत दिलेल्या नंबरचं तेल इंजिनात घाला आणि कांडी काढून पातळी पाहा. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, तेही पाहा. काही यंत्रांच्या हवेच्या गाळणीखाली एक वाटी असते, तिच्यातही तेल लागतं. टू-स्ट्रोक इंजिन असेल, तर त्याचं तेल पेट्रोलमध्येच सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचं असतं. कुठलं यंत्र कुठल्या जातीचं, हे दुकानातच विचारून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवा.

पेट्रोल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. उन्हातून आलेलं पोर बाटली तोंडाला लावतं. घट्ट झाकणाचा, वेगळ्या रंगाचा डबा ठेवा, तोही घराबाहेर आणि गॅसपासून लांब.

पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन बंद असतानाच हँडलवरच्या मुठी दाबून-सोडून पाहा. केबल अडकत नाही ना? मूठ सोडल्यावर झटकन जागेवर येते ना? बहुतेक वीडरमध्ये मूठ सोडली की पाती थांबावीत अशी रचना असते. ती मूठ दोरीने बांधून ठेवणं म्हणजे कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवणं!

सुरुवात उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये किंवा गोठ्यात नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोप आल्यासारखा कोसळतो.

मुलांना आत पाठवा. बघ्यांना दहा-पंधरा पावलं मागे सारा. चालवणाऱ्याच्या पायात चप्पल नको, पक्के बूट हवेत. रिव्हर्स गिअर टाकताना तर फार जपायचं. यंत्र आपल्याच पायांवर येत असतं आणि मागे भिंत किंवा झाड असेल तर सुटायला वाट राहत नाही.

पदर, वेणी, बांगड्या

आता खास आपल्यासाठी. वीडर बायकाही उत्तम चालवतात; पण साडीचा पदर मोकळा सोडून नाही. पदर कमरेला घट्ट खोचा. त्याहून बरं, सलवार-कमीज घालून वर घट्ट बटणांचा शर्ट चढवा, ओढणी नको. वेणीचा अंबाडा घाला. मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाका, बांगड्या उतरवून ठेवा. त्यात अशुभ काही नाही. हात शाबूत राहिला, तर बांगड्या पुन्हा भरता येतात.

घरी वीडर नसून ट्रॅक्टरला जोडायचा रोटाव्हेटर आला असेल, तर हे शंभरदा खरं. ट्रॅक्टरच्या मागून रोटाव्हेटरला फिरवणारा दांडा असतो, त्याला पी.टी.ओ. शाफ्ट म्हणतात. तो सहसा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ! पदराचं टोक अडकलं, तर “अगं बाई” म्हणायच्या आत नऊ वेढे बसतात. त्या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर असल्याशिवाय यंत्र जोडू देऊ नका. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरच्या मधे कुणी उभं राहायचं नाही. आणि वर उचललेल्या रोटाव्हेटरखाली हात घालण्याआधी त्याला भक्कम लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्यायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची. ही किल्ली कुणाकडे? तुमच्या कमरेला! घरच्या किल्ल्या सांभाळायची सवय आपल्याला आहेच, त्यात ही एक अधिक.

कागद कुणाच्या नावावर?

बऱ्याच घरांत यंत्र बाईच्या नावावर घेतलं जातं. कारण साधं आहे. केंद्राच्या २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या कमाल रकमेच्या आत ५० टक्क्यांपर्यंत, तर इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. महाराष्ट्रात त्याचा अर्ज महाडीबीटीवर होतो. पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करायची असते, आणि बिल अर्जदाराच्याच नावाचं लागतं.

तेव्हा सही करा. पण सहीपुरत्या राहू नका. बिल, वॉरंटी कार्ड, यंत्राचा आणि इंजिनाचा नंबर यांची एक फाइल करा. पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख दिनदर्शिकेवर लिहा, दुधाचा हिशेब लिहितो तिथेच. अनुदानासाठी नाव तुमचं, आणि यंत्राला हात लावायला मात्र बंदी, हे काही बरोबर नाही.

लागलंच तर

कपडा किंवा हात अडकला, तर ओढाताण नको. आधी इंजिन बंद. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. चहाची पूड, चुना, हळद काही भरू नका. बोट तुटलंच, तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. डोळ्यात पेट्रोल गेलं, तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा; लोखंडाचा कण रुतला असेल, तर चोळू नका, काढू नका, डोळा झाकून डॉक्टर गाठा. मदतीसाठी फोन १०८.

कापून कपाटाच्या दारावर लावा

१. खोकं पाहून मगच सही.
२. पट्टी कापताना बाजूला उभं राहायचं. मोजे आणि चष्मा.
३. यादीप्रमाणे भाग मोजायचे. एक कमी असला तरी काम बंद.
४. पात्यांना हात लावण्याआधी प्लगची टोपी किंवा ट्रॅक्टरची किल्ली काढायची.
५. पाती दुसऱ्या माणसाने तपासायची, झाकणं लावायचीच.
६. पूजा रिकाम्या टाकीने.
७. आधी तेल, मग इंधन, मग इंजिन.
८. पहिल्या काही तासांनी सगळे नट पुन्हा आवळायचे.

“एवढं सगळं करायचं तर अख्खा दिवस जाईल,” असं कुणीतरी म्हणेल. जाऊ द्या. पुढची कित्येक वर्षं हे यंत्र तुमच्या रानात राबणार आहे, त्याच्या पायी एक दिवस गेला तर बिघडलं कुठे? दिवसाच्या शेवटी यंत्र उभं असावं, आणि घरातल्या सगळ्यांची दहाच्या दहा बोटं ताटावर जेवायला यावीत. चहा मात्र त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा!